चौऱ्याण्णव गुण

३ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी पत्र, त्यात माझी विचारपूस अर्धी ओळ आणि आईची दीड पान. असू दे. खाली फोन नंबर लिहिला आहेस, पण मी फोन करणार नाही. तुझा आवाज ऐकायची माझी अजून तयारी नाही, आणि कागदावर मला सावकाश खोटं बोलता येतं. हा विनोद होता. तुला माझे विनोद कधी कळले नाहीत.

आईला शुश्रूषागृहात ठेवलंय हे तुला शेजारच्या काकूंकडून कळावं, याचा तुला राग आलाय. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांना कुशीवर वळवत होते आणि तू बॅग भरत होतास. मी म्हटलं, महिनाभर तरी थांब. तू म्हणालास, "ताई, तुला सवय आहे, तू करशील." मी म्हटलं, मग पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू ते इतक्या इमानाने पाळलंस की मला कळवायचं कारणच उरलं नाही.

झालं ते एवढंच. ऑक्टोबरात आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. मी महिन्यातले अठरा दिवस फिरतीवर असते. घरी ठेवणं शक्य नव्हतं. इस्पितळातून तिला थेट तिकडे नेलं.

'जागा नीट बघितलीस ना' असं तू मला विचारतोस. अरे, एकवीस वर्षं मी दुसरं काय करते आहे? शुश्रूषागृहं तपासणं हीच माझी नोकरी. मी ते दाखवतात ते बघत नाही. दारातून शिरताना आधी वास घेते. फिनेलचा वास जास्त आला, तर तो कशासाठी ओतलाय ते शोधते. पाण्याचा पेला म्हाताऱ्या हाताच्या टप्प्यात आहे का, ते पाहते. घंटा दाबते आणि किती वेळाने कोण येतं ते मोजते. पांघरूण दूर करून टाचा आणि माकडहाड बघते, कारण पडून राहिलेल्या माणसाला तिथे आधी जखमा होतात. नखं बघते. मेट्रन खोटं बोलते, नखं बोलत नाहीत.

आईची जागा माझ्या यादीतली सगळ्यात वरची आहे. शंभरात चौऱ्याण्णव. घंटेला पन्नास सेकंदांत माणूस. तीन वर्षांत एकाच्याही अंगावर जखम नाही. सहा गुण गेले ते सगळे 'संवाद' या एका रकान्यात, तिथे दहापैकी चार आहेत. लहानसा रकाना आहे. कार्यालयातही त्याकडे कोणी बघत नाही.

नियमाप्रमाणे, आई तिथे आहे हे मी कार्यालयाला कळवायला हवं होतं, म्हणजे ते केंद्र तपासायला दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं. कळवलेलं नाही. माझ्याइतकं नीट कोण बघणार?

ताई


२८ जानेवारी

धाकट्या,

आई एकटी पडली आहे का, असं विचारलंस. खोलीत ती एकटी आहे, तशी खोली मीच मागून घेतली. सोबतीण म्हटली की खोकणं आलं, घोरणं आलं. माझ्याकडे ती कसलीही तक्रार करत नाही.

तिचा शिवणवर्ग तुला आठवतो का? सकाळी नऊपासून पुढच्या खोलीत बारा-पंधरा मुली, फरशीभर चिंध्या आणि खडू, आणि मशीनच्या चाकापेक्षा आईचं तोंड जास्त चालायचं. कोणाचं लग्न कुठे अडलं, कोणाची सासू कशी, सगळं तिला ठाऊक. तोंडात टाचण्या धरूनही बोलायची. आपण शाळेतून यायचो तेव्हा आवाज कोपऱ्यावर यायचा.

तिथे तसं नाही. तिथल्या बायका कामाला चोख आहेत. येतात, वळवतात, पुसतात, चादर ताणतात, हसतात, जातात. पायात मऊ तळव्यांच्या चपला, त्यामुळे आल्या-गेल्याचं कळतही नाही. बोलण्यात वेळ घालवायचा नाही, अशी मेट्रनची शिस्त आहे. पहिला महिनाभर आई प्रत्येकीला विचारायची, तू कुठली, मुलं किती, ब्लाउज कोणाकडून शिवतेस. डिसेंबरात ती औषधाच्या बाटलीवरची अक्षरं मोठ्यांदा वाचू लागली. मेट्रनने मला ते सांगितलं. मी वहीत 'दृष्टी उत्तम' असं लिहिलं.

आता एक नवी मदतनीस आली आहे. तिशीची, धिप्पाड, आवाज असा की दोन खोल्यांपलीकडचा बहिरा म्हाताराही उठून बसतो. अजून कायम व्हायची आहे, पण शिस्त तिच्या अंगाला लागेलसं दिसत नाही. आईने पहिल्याच दिवशी तिचं नाव भोंगा ठेवलं. भोंगाच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरचं भांडण, मेट्रनचा उपवर मुलगा, सात नंबरच्या आजोबांची कवळी कोणी लपवली, सगळं ती अंग पुसता पुसता सांगते. आई तिला वर्तमानपत्रावर बाही कापायला शिकवते आहे. दुपारचं जेवण ती आता संपवते म्हणे.

तू केलेला फोन मेट्रनने तिला दिला. चाळीस मिनिटं. मी तेव्हा तिथेच होते, खिडकीपाशी खुर्चीत. तू तिला एवढं हसण्यासारखं काय सांगितलंस?

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

'ताई, आई किती खुशीत आहे, तू खरंच चांगली जागा निवडलीस.' तुझं हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मग चष्मा पुसला. तुला एक गोष्ट सांगायची राहिली.

आई माझ्याशी बोलत नाही. इस्पितळाच्या गाडीत तिला चढवलं तेव्हा तिने विचारलं, "घरीच ना?" मी म्हटलं, "नाही." तेव्हापासून अबोला. मी दर रविवारी दोन तास जाते. मी बोलते, ती खिडकीकडे बघते. 'तक्रार करत नाही' असं तुला लिहिलं ते खरंच होतं.

गेल्या रविवारी मी बसले होते, भोंगा आईचे केस विंचरत होती. वारा येत होता. आई म्हणाली, "भोंगे, हिला सांग, खिडकी लाव म्हणावं."

भोंगा हसली. तिला वाटलं गंमत आहे. "मॅडम, आजी म्हणतात, खिडकी लावा म्हणून."

मी उठले, खिडकी लावली. बावन्न वर्षांची बाई, जिच्या सहीने शुश्रूषागृहं बंद पडतात, ती उठली आणि खिडकी लावली.

तुला आठवणार नाही, तू चार वर्षांचा होतास. मी अकरा. आईने मला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, माझं डोकं पुस्तकात, आणि तू जिन्यावरून गडगडत खाली गेलास. भुवईला पाच टाके. आईने मला मारलं नाही, रागावली नाही. त्रेचाळीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. "राजा, ताईला सांग, जेवायला बस म्हणावं." "राजा, ताईला सांग, वेणी घालायला ये म्हणावं." तिची बोटं माझ्या केसांत असायची, आणि निरोप तुझ्या तोंडून यायचा. तुला तो खेळ वाटायचा. खिदळत धावत यायचास. मी भिंतीवर पेन्सिलने रेघा ओढायचे, कपाटामागे, कोणाला दिसू नयेत म्हणून. चव्वेचाळिसाव्या दिवशी ती मला म्हणाली, "मीठ दे." मी मीठ दिलं आणि मोरीत जाऊन ओकले. त्याच दिवशी का बोलली, ते मला अजून कळलेलं नाही.

हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. चार वर्षांच्या पोराचा काय दोष. पण तू ते करायचास आणि हसायचास.

असो. मंगळवारी मी केंद्रात अचानक तपासणीला गेले, मेट्रनलाही न कळवता. आईची रक्तदाबाची गोळी नऊची. पंधरा मिनिटं इकडे-तिकडे चालतात. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तिच्या दाराबाहेर होते. दार अर्धं उघडं. ट्रेमध्ये गोळी, शेजारी पाणी. भोंगा दिराच्या लग्नातली मानापमानाची हकिगत सांगत होती, आई मांडीवर वर्तमानपत्र घेऊन आखत होती. दारात डोकं घालून 'गोळी' एवढं म्हटलं असतं, तरी झालं असतं. मी घड्याळ बघत उभी राहिले. नऊ पंधरा. नऊ अठरा. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. नऊ बावीसला भोंगाने जीभ चावली आणि गोळी दिली.

मी वहीत लिहिलं, 'रक्तदाबाचं औषध बावीस मिनिटं उशिरा. कर्मचारी गप्पांत.' नियम म्हणजे नियम. बावीस मिनिटांनी माणूस मरत नाही, पण मरूही शकतो.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

फोन केला की मेट्रन 'आजी झोपल्यात' म्हणते, अशी तुझी तक्रार. बाहेरच्या फोनने पेशंटचा रक्तदाब चढतो, म्हणून तसं ठरवलंय. कोणी ठरवलं हे विचारू नकोस.

भोंगा कुठे गेली, हेही विचारलंस. तिला काढलं. ती कायम नव्हती, आणि माझ्या शेऱ्यानंतर मेट्रनला जोखीम नको होती.

परवा ती माझ्या कार्यालयात आली. शिपायाने तिला दीड तास बाकावर बसवलं होतं. मीच बसवायला सांगितलं होतं. आत आली तेव्हा तिच्या हातात आईच्याच केंद्राची कापडी पिशवी होती. मी फाइलमध्ये लिहीत राहिले.

"मॅडम, गोळीला उशीर झाला, चूक माझीच," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वर बघावं लागलं. "पण तुम्ही तर बाहेरच होता. एक हाक मारली असती तर."

"कोण म्हणालं मी बाहेर होते?"

"आजी. कपाटाच्या आरशात दिसत होता म्हणे तुम्ही. नंतर सांगितलं त्यांनी मला."

माझं पेन थांबलं. मी विचारलं, "नंतर म्हणजे कधी?"

"तुम्ही गेल्यावर. मी तर मध्येच उठत होते गोळी द्यायला. त्या म्हणाल्या, बस गं, ही बाही पुरी बघ. दोनदा म्हणाल्या."

धाकट्या, हे तू दोनदा वाच. मी आरशात दिसत होते. हातात घड्याळ, काखेत वही. आईला माझी नोकरी काय आहे ते ठाऊक आहे. मी काय लिहिणार, हेही ठाऊक होतं. तरी तिने त्या बाईला बसवून ठेवलं आणि ठसका लागेपर्यंत हसली. मला दाखवायला. आमच्या दोघींच्या मध्ये एका बाईची नोकरी होती, ती दोघींनी मिळून खाल्ली.

भोंगा म्हणाली, "शेरा मागे घेता येईल का? दोन लेकरं आहेत."

मी म्हटलं, "एकदा लिहिलेला शेरा मागे घेता येत नाही."

येतो. साध्या अर्जाने येतो. वर्षाला मी चार-पाच मागे घेते.

ती दाराकडे वळली. जाताना म्हणाली, "आजींना दुपारी पाणी प्यायचं लक्षात राहत नाही, कोणाला तरी सांगून ठेवा." मी वहीत लिहून घेतलं. सांगितलं मात्र नाही कोणाला. पेला तिच्या हाताच्या टप्प्यात होता, नियमात बसत होता.

ताई


७ एप्रिल

धाकट्या,

तू पंधरवड्याने निघतो आहेस, असं लिहिलंस. लवकर निघता आलं तर बघ. आईने खाणं सोडलंय.

डॉक्टरांना काही सापडत नाही. घास घेते, गालात धरते, आणि बाई वळली की रुमालात टाकते. बोलणं बंद झालंय. आता कोणाशीच बोलत नाही, मेट्रनशी नाही, डॉक्टरांशी नाही. बाटल्याही वाचत नाही.

तू मला सज्जन समजून पत्रं लिहितोस ते पुरे झालं. मी ते केंद्र चौऱ्याण्णव गुणांसाठी निवडलं नव्हतं. माझ्या यादीत नव्वदच्या वर चार केंद्रं आहेत. दुसऱ्या एकात बागेत बसून बायका दिवसभर पत्ते खेळतात, तिथे जागाही होती. मी ही जागा निवडली ती 'संवाद'च्या त्या चार गुणांसाठी. मला वाटलं, जिथे बोलायला कोणीच नसेल तिथे ती रविवारची वाट बघेल. कंटाळून, झक मारून, पण माझ्याशी बोलेल. मी इतकी वर्षं काय मागत होते, 'मीठ दे' एवढंच तर. मग भोंगा आली आणि माझी गरज संपली. तुझा फोन आला आणि उरलीसुरली संपली. म्हणून दोन्ही बंद केलं.

काल मी तिला हे सगळं सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच. चमच्याने दूध पाजायला गेले, तिने ओठ मिटले. मी म्हटलं, "आई, भोंगाला मीच काढलं. राजाचा फोनही मीच बंद केला. तू आरशात मला बघितलंस हे मला कळलंय. आता माझ्यावर ओरड. काय वाट्टेल ते बोल."

तिने डोळे उघडले. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. ती छताकडे बघून म्हणाली, "सांगा हिला, मी दमले."

मी दूध बशीत ओतलं. चमचा धुतला. तो धुण्याची काही गरज नव्हती, धुवायला तिथे बाई आहे.

भोंगाचा पत्ता मी शोधून काढला आहे. गावाबाहेरच्या एका केंद्रात लागली आहे, माझ्या यादीत त्याला एक्केचाळीस गुण आहेत. तिला घेऊन यावं असं सकाळपासून मनात आहे. दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. ती आली आणि आई तिच्याशी बोलली, तर मला ते ऐकावं लागेल.

ताई


१९ मे

धाकट्या,

तू आलास तेव्हा आई जाऊन एक दिवस झाला होता. तुझ्यासाठी अंत्यविधी थांबवला, तेवढं मी केलं. काकूंकडे राहिलास, माझ्याशी चार वाक्यं बोललास, त्यातली दोन कागदपत्रांची. परत जाऊन आता पत्र पाठवलंस की भोंगाचा पत्ता हवा आहे, आईचे शेवटचे बरे दिवस तिच्यामुळे होते, तिला भेटायचंय, तिच्यासाठी काहीतरी करायचंय.

मी चपला घातल्या, पण सहा दिवस उशिरा. एक्केचाळीस गुणांच्या त्या केंद्रात दारापासूनच उग्र वास होता, आणि आत कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. भोंगा दोघींना एकदम भरवत होती. मला बघून उभी राहिली. मी म्हटलं, "चल." ती हात धुऊन निघाली. आम्ही पोचलो तेव्हा मेट्रन पायरीवर उभी होती. पाऊण तासापूर्वी झालं, म्हणाली.

मी आधी आत गेले आणि काय केलं ते ऐक. पांघरूण दूर केलं. टाचा बघितल्या, माकडहाड बघितलं, नखं बघितली. कुठे काही नव्हतं. कातडी लहान मुलीसारखी स्वच्छ. त्या केंद्राला त्या दिवशी कोणीही पैकीच्या पैकी दिले असते.

मग भोंगा आत आली. मी बाहेर जाऊन उभी राहिले, त्याच जागी. ती आईच्या उशाशी बसली आणि बोलायला लागली. नव्या जागेतल्या म्हाताऱ्या कशा आहेत, दिराची बायको माहेरी निघून गेली, आणि मुलीच्या झग्याची बाही आता नीट बसते, खांद्यात ओढत नाही. अर्धा तास बोलली. घंटा न दाबता दोन बायका आल्या आणि दारात थांबून ऐकत राहिल्या. मेट्रनने त्यांना हटकलं नाही.

ती निघाली तेव्हा मी तिला जिन्यात गाठलं. मी विचारलं, "आई माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?"

"बोलायच्या ना," ती म्हणाली. "पुष्कळदा."

"काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मला वाटतं, तिला माझी दया आली असावी. त्या बाईच्या पोटात कधी काही राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

"सांगू नको म्हणाल्या होत्या," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडे गेले. त्यानंतरच्या आठवड्यातही. शेरा मागे घेतल्याचं पत्र दिलं, मोठ्या केंद्रात नोकरी देववते म्हटलं, आणि हेही म्हटलं की मनात आणलं तर ही जागा बंद पाडू शकते. तिने पत्र घेतलं, घडी करून कमरेला खोचलं. बाकी एक अक्षर बोलली नाही.

तुला ती सांगेल. तू नुसता समोर बसलास तरी सांगेल, आईच्या सगळ्या माणसांना तू आवडतोस. आणि तू तिचाच पत्ता मागतो आहेस. तो माझ्या वहीत आहे, रस्ता, मजला, वेळ, सगळं. मी तो तुला देणार नाही. काकूंना विचारून उपयोग नाही, त्यांना माहीत नाही. मेट्रनलाही मी सांगून ठेवलं आहे.

ताई